कौशिकाचे सत्य

भारतीय युद्धाच्या सतराव्या दिवशी पांडवांच्या शिबिरात एक असा प्रसंग उभा राहिला की, तो तडीस गेला असता तर कौरवांना पुढे लढण्याचे कारणच उरले नसते. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर रणांगण सोडून शिबिरात परतला होता. अर्जुन कृष्णासह त्याच्या समाचाराला आला. कर्णाचा वध करूनच हे दोघे आले असावेत, अशा समजुतीने धर्मराजाने त्यांचे तोंड भरून कौतुक केले. आणि कर्ण अद्याप जिवंत आहे हे कळताच त्या शांत पुरुषाचा तोल सुटला. तुझ्या हातून हे काम होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक, असे तो बोलून गेला. आता अर्जुनाची मनाशी केलेली एक जुनी प्रतिज्ञा होती की, गांडीव दुसऱ्याला दे असे जो कोणी आपल्याला म्हणेल त्याचे मस्तक उडवायचे. त्याने तलवार उपसली.

मराठीत ‘धर्मसंकट’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. एकाच संध्याकाळी दोन घरची आमंत्रणे आली तरी गृहस्थ धर्मसंकटात सापडतो. कोणी लाच देऊ केली आणि ती घ्यावी की घेऊ नये असा विचार मनात घोळू लागला, तर त्यालाही हेच नाव दिले जाते. वस्तुतः तेथे धर्म एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला आहे तो केवळ मोह. संकट खरे उद्भवते ते धर्माचीच धर्माशी गाठ पडते तेव्हा. अर्जुनाची स्थिती नेमकी तशी होती. प्रतिज्ञा पाळावी तर पित्यासमान वडील भावाच्या वधाचे पातक, मोडावी तर असत्याचे. आणि प्रतिज्ञा मोडणे ही त्या काळच्या क्षत्रियाला किरकोळ गोष्ट नव्हती, हे विसरून चालणार नाही.

कृष्णाने त्याचा हात धरला, कठोर शब्दांत त्याची निर्भर्त्सना केली आणि मग दोन कथा सांगितल्या. त्यांपैकी बलाक नावाच्या व्याधाची कथा येथे सोडून देता येईल. दुसरी कौशिकाची. हा कौशिक तपस्वी होता. पण फारसे ज्ञान त्याच्यापाशी नव्हते, असे महाभारतकार आवर्जून सांगतात. नद्यांच्या संगमावर तो राहत असे आणि नेहमी सत्यच बोलायचे असे त्याचे व्रत होते. त्या व्रतामुळे तो ‘सत्यवादी’ म्हणून प्रसिद्धही झाला होता. एके दिवशी दस्यूंच्या भीतीने पळत सुटलेली काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात शिरली. पाठोपाठ दस्यू आले. तेही कौशिकाची कीर्ती ऐकून होते. त्यांनी त्याला सत्याची आठवण देऊनच विचारले की, ती माणसे कोणत्या वाटेने गेली? कौशिकाने वाट दाखविली. दस्यूंनी त्या सर्वांना गाठून ठार केले. पुढे कौशिक मेला तो नरकात गेला.

या कथेवर कृष्णाने केलेले भाष्य लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. कारण ‘सत्याला अपवाद असतात’ इतक्या ढोबळ विधानाने त्याचे समाधान झालेले नाही. न बोलून सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये, हा त्याचा पहिला सल्ला. बोलणे भागच पडले, किंवा गप्प राहण्यानेच संशय येईल अशी वेळ आली, तरच असत्य बोलणे श्रेयस्कर. म्हणजे मौन, मग टाळाटाळ आणि अगदी शेवटी असत्य, अशी ही उतरण आहे. आणि या साऱ्याची कसोटी कोणती, तर ज्याने प्रजेचे धारण होते तो धर्म.

मग अर्जुनाच्या प्रतिज्ञेचे काय करायचे? कृष्णाचा तोडगा प्रसिद्ध आहे. ज्या वडीलधाऱ्याला सदैव आदराने संबोधले, त्याला एकदा ‘तू’ म्हणून अपमानित केले की तो जिवंतपणीच मेल्यासारखा होतो. तेवढे कर, म्हणजे प्रतिज्ञाही राहील आणि भाऊही राहील. पाश्चात्य वाचकाला ही शाब्दिक कसरत वाटते. मराठी माणसाला ती तशी वाटण्याचे कारण नाही. ज्या घरात वडील भावाला ‘अहो दादा’ म्हणण्याची रीत आहे, त्या घरात रागाच्या भरात सुटलेला एक ‘तू’ पुढे वर्षानुवर्षे सलत राहतो, हे सांगायला महाभारत लागत नाही. अर्जुनाने ‘तू’ म्हटले आणि बरेच काही बोलून घेतले. पण प्रकरण तेथे मिटले नाही. आपण काय बोललो हे ध्यानात येताच त्याने पुन्हा तलवार उपसली, या वेळी स्वतःवर. आत्मस्तुती ही आत्महत्येच्या तोडीची आहे, तेव्हा स्वतःची स्तुती कर, असे सांगून कृष्णाला दुसरा तोडगा काढावा लागला. इतके होते तोच युधिष्ठिर शय्येवरून उठला आणि वनात जायला निघाला. शेवटी पायांवर डोके ठेवणे आणि अश्रू ढाळणे झाले तेव्हा कोठे दोघे भाऊ सावरले. संकटातून वाट निघाली, परंतु कोणीही त्यातून कोरडा बाहेर पडला नाही. या तपशिलाकडे पुन्हा वळावे लागेल.

ज्याच्यावर ही तलवार उगारली गेली, त्या युधिष्ठिरालाही दोनच दिवसांपूर्वी अशाच संकटातून जावे लागले होते. द्रोणाचार्यांचे शस्त्र खाली ठेवविण्यासाठी, अश्वत्थामा मारला गेला असे त्याने सांगितले आणि तो हत्ती होता हे शब्द ऐकू जाणार नाहीत असे पुटपुटले. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार त्या प्रसंगाने मराठीला कायमचा दिला. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईवर टेकला. हे कृत्य करायला लावणाऱ्यांत कृष्णच पुढे होता. ते न रुचलेल्यांत अर्जुन होता. अखेरच्या पर्वात युधिष्ठिराला थोडा वेळ नरक पाहावा लागला, तो याच कपटाबद्दल, असे इंद्राने त्याला सांगितले. म्हणजे सत्य बोलल्याबद्दल कौशिक नरकात, आणि असत्य बोलल्याबद्दल धर्मराजालाही नरकदर्शन! ग्रंथ एकच, आणि दोन्ही निवाडे त्यात शेजारी शेजारी राहतात. ज्यांना नियमांची यादी हवी असते त्यांना महाभारत नेहमीच गैरसोयीचे वाटत आले आहे.

कौशिकापुढचा प्रश्न जसाच्या तसा युरोपात अवतरला तो १७९७ साली. राज्यक्रांतीच्या रक्तपाताला तेव्हा तीनच वर्षे होऊन गेली होती. तिशीतला एक लेखक, बेंजामिन कॉन्स्टंट, याने पॅरिसमध्ये एका राजकीय निबंधात लिहिले की, सत्य बोलण्याचे कर्तव्य निरपवाद मानले तर समाजच अशक्य होईल. एका जर्मन तत्त्वज्ञाने तर इथवर मजल मारली आहे की, खुनी माणूस दारात येऊन ‘तुमचा मित्र घरात लपला आहे काय?’ असे विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलणे हा गुन्हाच होय. कॉन्स्टंटचे स्वतःचे उत्तर असे की, ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे त्याच्याशीच सत्य बोलण्याचे कर्तव्य असते. खुन्याला तो अधिकार नाही.

हा प्रश्न त्याला पुस्तकात सापडलेला नव्हता. त्याची त्या काळची सहचारिणी मादाम द स्ताल हिच्या दारावर ती थाप प्रत्यक्ष पडलेली होती. १७९२ च्या ऑगस्टमध्ये पूर्वीचा युद्धमंत्री नार्बोन याला तिने पॅरिसच्या स्वीडिश वकिलातीत लपविले होते. तिचा पती स्वीडनचा वकील होता. झडती घ्यायला माणसे आली तेव्हा तिने त्यांना दरडावले की, वकिलातीत शिराल तर स्वीडन तत्काळ फ्रान्सवर चालून येईल, कारण त्या देशाची सीमा फ्रान्सला लागूनच आहे. त्या बिचाऱ्यांचे भूगोलाचे ज्ञान बेताचेच होते. ते परत गेले. नार्बोन वाचला. पुढे आपल्या ग्रंथात बाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

इमॅन्युएल कांट त्या वर्षी ७३ वर्षांचा होता. निबंध त्याच्या वाचनात आला आणि त्या सप्टेंबरात त्याने बर्लिनच्या एका नियतकालिकात उत्तर छापले. गंमत अशी की, आपण असे कोठे तरी म्हटले होते हे तो मान्य करतो, मात्र नेमके कोठे ते आता आठवत नाही, अशी तळटीपही जोडतो. उत्तर मात्र ठाम आहे. परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. समजा, मित्र घरात नाही असे तुम्ही खुन्याला सांगितले आणि तेवढ्यात मित्र खरोखरच मागच्या दाराने निसटला होता. परत फिरलेल्या खुन्याची आणि त्याची रस्त्यात गाठ पडली, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावर येते. खरे सांगितले असतेत तर कदाचित शेजारी धावून आले असते. सत्य बोलणारा परिणामांना बांधलेला नाही. असत्य बोलणारा मात्र, अनपेक्षित परिणामांनासुद्धा, बांधला जातो.

हा युक्तिवाद वाचून कांटच्या भक्तांनीही माना खाली घातल्या आहेत. तरीही त्यामागची चिंता क्षुद्र नव्हती. असत्याने समोरच्या एका माणसाचेच नुकसान होते असे नाही. बोललेल्या शब्दावरचा, करारावरचा, साक्षीवरचा जो विश्वास सर्व कायद्याचा पाया आहे तोच खचतो, असे त्याचे म्हणणे होते. ज्यांचे आयुष्य दप्तरांत आणि नोंदींत जाते त्यांना हे पटायला वेळ लागत नाही. तलाठ्याच्या बुकातील एक दयाळू खोटी नोंद तीन पिढ्यांचे दावे उभे करू शकते. कांटची चूक असलीच तर ती अशी की, दोन कर्तव्ये खरोखर एकमेकांना भिडू शकतात हेच त्याला मान्य नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने स्पष्ट लिहिले आहे की, कर्तव्यांचा संघर्ष कल्पनेतही संभवत नाही. भिडतात ती कर्तव्यामागची कारणे, आणि त्यांतले बलवत्तर कारण उरले की दुसरे कर्तव्यच राहत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे नीटनेटके आहे. तलवार उपसून उभ्या असलेल्या अर्जुनाला ते ऐकविले असते तर त्याच्या मनात काय आले असते, हा निराळा प्रश्न.

महाभारत आणि युरोपीय नीतिशास्त्र यांना एकाच मेजावर बसविण्याचे काम मराठीत झाले, आणि तेही तुरुंगात झाले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन लोकमान्य टिळक मंडालेला गेले. १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सुटकेनंतर १९१५ मध्ये ते छापले गेले. त्याचे दुसरे प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’. हे प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे धर्मसंकटांनी भरलेले आहे. हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांच्या अडचणी तेथे अर्जुनाच्या अडचणीशेजारी बसल्या आहेत. दुष्काळात चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस चोरणारा विश्वामित्र तेथे आहे. सत्याच्या प्रकरणात सिज्विक आणि लेस्ली स्टीफन यांच्यासारखे इंग्रज ग्रंथकार कोणकोणत्या प्रसंगी खोटे बोलण्यास मोकळीक देतात, हे टिळक बारकाईने दाखवितात, आणि मग विचारतात की, हिंदूंच्या शास्त्रांवर असत्याचा आरोप करणाऱ्यांनी आधी स्वतःचे घर पाहिले आहे काय? त्या स्वरात वकिलाची चमक आहे, आणि कोर्टात नुकताच दोषी ठरलेल्या माणसाची ठसठसही.

टिळकांनी तेथे मनूच्या ज्या विधीकडे बोट दाखविले आहे तो फार अर्थपूर्ण आहे. खरी साक्ष दिल्याने एखाद्याचा प्राण जाणार असेल तर साक्षीदाराने खोटे सांगावे, अशी मनुस्मृती मोकळीक देते, याज्ञवल्क्यही देतो. पण दोघेही लगेच पुढे सांगतात की, त्या असत्याच्या शुद्धीसाठी त्याने वाग्देवता सरस्वतीला चरूचा हवी अर्पण करावा. खोटे बोलणे योग्य होते ना? मग प्रायश्चित्त कशाचे? तर्कशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न बिनतोड ठरेल. स्मृतिकारांना तो सुचला नसेल असे नाही. जे करायला हवे होते तेच केले, तरीही वाणीकडे काही देणे राहून गेले, अशी त्यांची दृष्टी दिसते.

टिळकांची स्वतःची वाट याच्या पुढची होती. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हे मिल्ल प्रभृतींचे तत्त्व त्यांना अपुरे वाटले. त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण आजही कचेऱ्यांतून वाचून दाखवावे असे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाडी सुरू करायची होती. सरकारी मंजुरीला विलंब होत होता. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले आणि मंजुरी झटपट मिळविली. ट्राम लवकर सुरू झाली, लोकांची सोय झाली. तरीही पुढे खटला होऊन तो दोषी ठरला. सुखाची बेरीज वाढली आणि कृत्य मात्र निंद्यच राहिले. तेव्हा कर्माची किंमत बाह्य परिणामावर न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवर ठरविली पाहिजे, असा टिळकांचा निष्कर्ष. शुद्ध बुद्धीला प्रधान मानण्यात ते कांटच्या जवळ येतात. पण कांटसारखे नियमाच्या अक्षरापाशी थांबत नाहीत. सर्वभूती समबुद्धी झालेला स्थितप्रज्ञ प्रसंग पाहून जे करील ते धर्म्यच होईल, हे त्यांचे उत्तर. उत्तर भव्य आहे. अडचण एवढीच की, दारात दस्यू उभे असतात तेव्हा घरात बहुधा स्थितप्रज्ञ नसतो, कौशिक असतो.

मंडालेनंतर वीस वर्षांनी, १९३० मध्ये, ऑक्सफर्डच्या डब्ल्यू. डी. रॉस यांनी याच अडचणीवर अधिक नम्र उपाय सुचविला. रॉस हे ॲरिस्टॉटलचे मोठे अभ्यासक. पहिल्या महायुद्धात दारूगोळा खात्यात अधिकारी म्हणूनही त्यांनी काम केले होते, आणि त्यांच्या लेखनातला व्यवहारी सूर कदाचित तेथलाच असेल. वचन पाळणे, उपकार फेडणे, दुसऱ्याला इजा न करणे अशी अनेक कर्तव्ये प्रथमदर्शनी सारखीच बंधनकारक असतात, त्यांना एकाच सूत्रात ओवता येत नाही, आणि ती भिडली म्हणजे कोणते जड हे त्या प्रसंगी तारतम्यानेच ठरवावे लागते, असे त्यांनी मांडले. शिवाय, संकटातल्या कोणाला मदत करण्यासाठी वचन मोडले, तर लाज वा पश्चात्ताप वाटण्याचे कारण नाही, पण मनाला एक टोचणी लागते आणि ती लागणे योग्यच आहे, असेही ते म्हणतात. सरस्वतीच्या चरूची ही इंग्रजी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये बर्नार्ड विल्यम्स यांनी हीच टोचणी आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आणली. दोन मते परस्परविरुद्ध निघाली तर त्यांतले एक खोटे ठरून गळून पडते. दोन कर्तव्ये भिडली तर मागे पडलेले कर्तव्य गळून पडत नाही, ते मागे राहून खेद उत्पन्न करते, असा त्यांचा मुद्दा होता. तो खेद वेडगळपणा ठरविणारे नीतिशास्त्र माणसाला ओळखत नाही.

१९४५ च्या ऑक्टोबरात सार्त्रने पॅरिसच्या व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. भाऊ जर्मन आक्रमणात मारला गेलेला, आई एकटी; तिच्यापाशी राहावे की इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हावे? कोणतेही शास्त्र तुला हे सांगणार नाही, तू स्वतंत्र आहेस, निवड कर, असे सार्त्रने त्याला सांगितले. खरे आहे, पण एवढेच सांगायचे असेल तर कृष्णाला रथ थांबवून दोन कथा सांगण्याची गरज पडली नसती. ऑक्सफर्डचे प्राध्यापक विमलकृष्ण मतिलाल यांनी १९८९ मध्ये महाभारतातील धर्मसंकटांवरचा एक निबंधसंग्रह संपादित केला आणि त्यात कौशिक व कांट यांना समोरासमोर उभे केले, तेव्हा त्यांचाही रोख हाच होता की, संकट खरे आहे हे कबूल करूनही त्याविषयी विचार करता येतो.

दुसऱ्या महायुद्धात कौशिकाचा प्रश्न युरोपातल्या हजारो दारांवर विचारला गेला. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावर ल शांबों नावाचे प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांचे गाव आहे. १९४० ते १९४४ या काळात तेथल्या आणि आसपासच्या घरांनी काही हजार निर्वासितांना आसरा दिला. त्यांत बहुसंख्य ज्यू होते, अनेक लहान मुले होती. पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस हे या कार्याचे पुढारी. आंद्रे यांचा चुलतभाऊ दानिएल आपल्या देखरेखीखालच्या मुलांबरोबर १९४३ मध्ये पकडला गेला आणि पुढच्या वर्षी मायदानेकच्या छळछावणीत मेला. असत्याचे वावडे असलेली ही माणसे होती. सत्यवचन हा त्यांच्या धर्माचा गाभा होता. तरी निर्वासितांना खोट्या नावांची ओळखपत्रे आणि शिधापत्रे लागत, आणि ती गावात तयार होत. दारात पोलीस आले की घरधनीण शांतपणे नाही म्हणे. कोणी वाट दाखविली नाही.

पाद्रीबाई माग्दा त्रोक्मे या त्या घराचा कणा होत्या. दार ठोठावणाऱ्या पहिल्या निर्वासित स्त्रीला बर्फातून आत घेणाऱ्या त्याच. युद्धानंतर तीस वर्षांनी फिलिप हॅली हे अमेरिकन अभ्यासक त्या गावाची हकीकत लिहिण्यासाठी त्यांना भेटले. ते पुस्तक १९७९ मध्ये निघाले. पहिले खोटे ओळखपत्र तयार झाले तो दिवस बाईंना आठवत होता. ती कार्डे नसती तर ती मुले जगली नसती, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पुन्हा तशी वेळ आली असती तर त्यांनी पुन्हा तेच केले असते. तरीसुद्धा त्या कार्डांचा विषय निघाला की त्यांना वाईट वाटे. आपला निखळपणा त्या दिवसांत हरवला, असे त्या हॅलींना म्हणाल्या.